साखर, सहरी आणि शरियतची सवलत

रमजानचा चाँद दिसला की मोहल्ल्याचे घड्याळच बदलते. पहाटे चारला चुली पेटतात, दुपारी गल्ल्या सामसूम होतात आणि असरच्या नमाजनंतर फळांच्या गाड्या, समोसा-भज्यांच्या कढया आणि खजुरांच्या ढिगांनी रस्ता भरून जातो. निरोगी माणसाचे शरीर दोन-चार दिवसांत या वेळापत्रकाशी जुळवून घेते. मात्र ज्याची गोळी नाश्त्याआधी आणि इन्सुलिन जेवणाआधी ठरलेले आहे, त्या मधुमेही रोजेदाराला हे इतके सोपे नसते. अशी घरे आता थोडी राहिलेली नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. चार माणसांत एक!

‘मला शुगर आहे, मी रोजा ठेवू का?’ हा प्रश्न रमजानमध्ये बहुतेक वेळा मशिदीत विचारला जातो, दवाखान्यात क्वचितच. पुष्कळदा तो कुणालाच विचारला जात नाही. माणूस मनाशी ठरवतो, गोळी कधी दुप्पट करतो, कधी बंद करतो आणि रोजा सुरू करतो. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. २००१ साली तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची एक मोठी पाहणी झाली. ‘एपिडायर’ या नावाने ती ओळखली जाते. टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी ७९ टक्के आणि टाइप-१ असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. म्हणजे डॉक्टर काहीही म्हणोत, लोक रोजे ठेवतातच. त्याच पाहणीत हेही दिसले की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊन इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण रमजानमध्ये टाइप-१ रुग्णांत सुमारे पावणेपाच पट आणि टाइप-२ रुग्णांत साडेसात पट वाढले. साखर फार वाढून दाखल होणारे टाइप-२ रुग्णही पाच पटींनी वाढले. उपाशी राहिल्याने साखर कमी होणार हे समजते, पण वाढते कशी? त्याचे उत्तर इफ्तारच्या दस्तरखानावर आहे. तिकडे पुढे येऊच.

उपाशी पोटी शरीरात काय घडते?

आपण जेवतो तेव्हा अन्नातली साखर रक्तात येते आणि इन्सुलिन नावाचे संप्रेरक तिला पेशींमध्ये पोहोचवते. उरलेली साखर यकृत साठवून ठेवते. जेवण बंद झाले की हाच साठा थोडाथोडा बाहेर येतो आणि मेंदूला, स्नायूंना पुरतो. सहरीनंतर दुपारपर्यंत गाडी त्यावर चालते. नंतर साठा आटत जातो आणि शरीर चरबी जाळू लागते. निरोगी माणसात इन्सुलिन त्या मानाने आपोआप कमी होते, म्हणून साखर फार घसरत नाही.

मधुमेही माणसाने पहाटे जी गोळी किंवा इन्सुलिन घेतले आहे, ते मात्र रोजा ओळखत नाही. ते आपले काम करतच राहते. त्यामुळे साखर घसरण्याची खरी वेळ असते असर ते मगरिब, म्हणजे इफ्तारआधीचे दोन-तीन तास. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी चिडचिड, बोलताना शब्द अडखळणे, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. घरच्यांना वाटते रोजा लागला आहे, थोडा आराम करू द्या. पुष्कळदा माणूस झोपतो आणि ती झोप नसतेच.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका टेलर मास्तरांची गोष्ट सांगतो. वय साठीच्या आत-बाहेर. रमजान म्हणजे त्यांचा हंगाम, ईदच्या कपड्यांसाठी रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू. शेवटच्या दहा दिवसांत एका पहाटे सहरीला उठायचे राहिले. सवयीप्रमाणे घाईत साखरेची गोळी तेवढी पाण्याच्या घोटाबरोबर घेतली, खाल्ले काही नाही. दुपारी चारनंतर कापड उलटे कापू लागले, कारागिरावर ओरडले, मग काउंटरवर डोके टेकवून बसले. शेजारी राहणाऱ्या नर्सताईंनी मशीन आणून बोटातले रक्त तपासले. साखर ४८. ग्लासात साखरेचे पाणी केले, तर मास्तर तोंड घट्ट मिटून बसले. मगरिबला चाळीस मिनिटे उरली आहेत, चाळीस वर्षांत एक रोजा तुटला नाही, आज तोडणार नाही, एवढेच म्हणत राहिले. शेवटी त्यांची सर्वांत धाकटी मुलगी समोर बसली आणि म्हणाली, “अब्बा, रोजा कजा करता येईल. तुम्हाला कजा कसं करू?” मास्तरांनी पाणी घेतले. पंधरा मिनिटांनी भानावर आले आणि लहान मुलासारखे रडले. चाळीस मिनिटे थांबले असते तर काय झाले असते, हे त्यांना नंतर डॉक्टरांनी सांगितले.

अशी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांना हट्टी म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यांच्या मनात भीती असते, रोजा सोडला तर गुनाह होईल ही. म्हणून आधी धर्म काय सांगतो ते नीट पाहू.

सवलत कुणी दिली?

रोजे फर्ज झाल्याचा हुकूम सूरह बकराच्या १८३व्या आयतीत आहे. आणि आजारी व प्रवासी यांना दिलेली सूट अगदी पुढच्याच, १८४व्या आयतीत आहे. जो आजारी आहे त्याने दुसऱ्या दिवसांत ती संख्या पूर्ण करावी, आणि ज्याला ते झेपतच नाही त्याने त्याबदली गरिबाला जेवू घालावे. १८५व्या आयतीत ही सूट पुन्हा सांगितली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, कष्ट नकोत, असे कारणही दिले आहे. एकाच विषयाची सूट दोनदा सांगण्यात काही अर्थ असेलच. प्रवासात रोजामुळे कोसळलेल्या एका माणसाभोवती लोक सावली धरून उभे असल्याचे पाहून, प्रवासात असा रोजा ठेवणे ही काही नेकी नव्हे, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी म्हटल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तेव्हा सवलत घेणारा माणूस कमी दर्जाचा मुसलमान ठरत नाही. ज्याने रोजा दिला, त्यानेच सवलतही दिली आहे.

यात एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आज साखर अनियंत्रित आहे, पण औषधपाण्याने दोन-चार महिन्यांत ताब्यात येईल अशी आशा आहे, त्याने रोजे कजा करायचे आहेत. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तहान कमी लागते. डिसेंबरमधला रोजा आपल्याकडे बारा-सव्वाबारा तासांचा, तर मे महिन्यातला साडेचौदा तासांचा होतो. आठवड्यात एक-दोन असे कजा रोजे अनेक मधुमेहींना झेपतात. ज्याचे आजारपण कायमचे आहे, पुढेही रोजा शक्य नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. हनफी मताप्रमाणे तो एका रोज्यामागे सदका-ए-फित्रइतका असतो. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई मताचे, त्यांच्याकडे एका रोज्यामागे एक मुद धान्य असा हिशेब आहे. रुपयांत किती होतात ते गावातले उलमा दरवर्षी जाहीर करतात.

दुसरा गैरसमज बोटातून रक्त काढून तपासण्याचा. रक्त निघाले म्हणजे रोजा तुटला असे समजून अनेकजण दिवसभर मशीनला हात लावत नाहीत. १९९७ साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात या प्रश्नावर ठराव झाला. तपासणीसाठी रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, तसेच पोषण देणारी सलाईन वगळता त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत दिलेल्या इंजेक्शननेही तुटत नाही, असे त्यात म्हटले आहे. इन्सुलिन त्वचेखालीच दिले जाते. आपल्याकडच्या बहुसंख्य मुफ्तींचेही हेच मत आहे. मनात किंतू असेल तर आपल्या मस्लकच्या आलिमांना विचारून घ्या, पण रमजानच्या आधी विचारा. साखर ५० वर आल्यावर फतवा शोधायला वेळ नसतो.

कुणी रोजा ठेवू नये?

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी खास मार्गदर्शिका तयार केली आहे. ती २०१६ मध्ये आली आणि २०२१ मध्ये सुधारली गेली. तीत वैद्यकीय तज्ज्ञांबरोबर धर्मअभ्यासकांचाही सहभाग आहे. मधुमेह किती वर्षांचा, कोणत्या प्रकारचा, औषधे कोणती, साखर किती, मूत्रपिंड-हृदयाची स्थिती काय, काम अंगमेहनतीचे की बैठे, मागच्या रमजानचा अनुभव कसा, अशा बाबींना गुण देऊन धोका कमी, मध्यम की जास्त हे ठरवले जाते. गुण सहापेक्षा जास्त झाले तर रोजा ठेवू नये, असा सल्ला आहे.

गुणांचे गणित डॉक्टर करतील. पण काही गोष्टी कुणालाही ओळखता येतात. गेल्या तीन महिन्यांत साखर इतकी घसरली की दुसऱ्याची मदत घ्यावी लागली, किंवा साखर वाढून रक्तात आम्ल झाल्याने इस्पितळात राहावे लागले, अशा माणसाने रोजा ठेवू नये. साखर खाली गेली तरी ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांनीही नाही. डायलिसिसवर असलेले, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रिया, टाइप-१ मधुमेह आणि साखर ताब्यात नाही असे तरुण, ताप-जुलाब किंवा पायाची चिघळलेली जखम घेऊन बसलेले हे सगळे याच यादीत येतात. वयोवृद्ध, एकटे राहणारे आणि विसरभोळे झालेले लोक यांचाही विचार घरच्यांनी करायला हवा. कारण ते स्वतःहून रोजा सोडत नाहीत.

उलट ज्याची साखर आहारावर किंवा एखाद्या साध्या गोळीवर ताब्यात आहे, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी सातच्या आसपास आहे, इतर आजार नाहीत, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने बहुधा सगळे रोजे ठेवू शकतो. मधुमेह म्हटला की ‘रोजा बिलकूल नाही’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणारे डॉक्टरही आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम असा होतो की रुग्ण पुढच्या वेळी रोज्याबद्दल बोलतच नाही. डॉक्टर मुस्लिम असोत वा नसोत, ‘मी रोजे ठेवणार आहे, माझी औषधे त्याप्रमाणे बसवून द्या’ असे स्पष्ट सांगावे. ही भेट शाबानच्या आधी, म्हणजे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी, नाहीतर शाबानच्या सुरुवातीला झालेली उत्तम. या वर्षी झाली नसेल तर आजही उशीर नाही. दवाखाना तरावीहपर्यंत उघडा असतो.

औषधांचे घड्याळ

डोस आपल्या मनाने कुणीही बदलू नये. तरी डॉक्टर काय आणि का बदलतात हे माहीत असले की त्यांचे म्हणणे पटते. एरवी आपले मोठे जेवण दिवसा असते, रमजानमध्ये ते संध्याकाळी होते. म्हणून सर्वसाधारणपणे सकाळचा मोठा डोस इफ्तारला जातो आणि रात्रीचा लहान डोस सहरीला येतो, तोही अनेकदा आणखी कमी करून. ३०-७० असे मिश्र इन्सुलिन दोन वेळा घेणाऱ्यांच्या बाबतीत हे सर्वांत महत्त्वाचे आहे. सकाळचा भारी डोस तसाच सहरीला घेऊन दिवसभर उपाशी राहणे म्हणजे संकटाला दावत.

गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर घसरण्याची भीती फार कमी. दिवसातून तीनदा असेल तर दुपारची गोळी बहुधा इफ्तारच्या गोळीत मिळवतात. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गटातल्या गोळ्यांनाही सहसा हात लावावा लागत नाही. सावध राहायचे ते ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटाबाबत. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. एकच गोळी असेल तर ती इफ्तारला घेतात. सहरीचा डोस कमी करतात. ग्लायबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी अजूनही काहीजण घेतात. तिचा परिणाम लांबतो, म्हणून रोज्याच्या महिन्यात ती बदलून मागावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात आणि तिच्याबरोबर पाणीही जाते. त्या ऐन रमजानमध्ये नव्याने सुरू करू नयेत. आधीपासून चालू असतील तर इफ्तारला घेऊन रात्री भरपूर पाणी प्यावे.

मोहल्ल्यात दरवर्षी कुणीतरी कलौंजीचे चूर्ण, जांभळाच्या बिया, मेथीचे पाणी यांचा नुस्खा वाटत असते. कलौंजीबद्दल हदीस आहे, तिचा आदर आहे. पण तिच्यासाठी गोळी बंद करा असे कुठेही सांगितलेले नाही. जेवणात वापरा, गोळी चालू ठेवा.

तपासणी सहरीआधी, सकाळी, दुपारी, इफ्तारआधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी करावी. सगळ्यांना रोज पाच वेळा पट्टी परवडत नाही, हे खरे. निदान पहिल्या तीन-चार रोज्यांत आणि औषध बदलल्यावर तरी करा, आणि दुपारी व इफ्तारआधीची तपासणी चुकवू नका. अंगाला जरा वेगळे वाटले की लगेच करा. आकडा ७०च्या खाली असेल तर रोजा त्याच क्षणी सोडायचा, मगरिबला पाच मिनिटे असली तरी. ७० ते ९० मध्ये असेल तर तासाभरात पुन्हा पाहायचे. ३००च्या वर गेला तरीही रोजा सोडायचा, पाणी प्यायचे आणि डॉक्टरांना गाठायचे. साखर खाली गेली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घोळून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते. सरळ इस्पितळ.

दस्तरखान

खजूर किंवा पाणी घेऊन रोजा सोडणे ही सुन्नत आहे. एका साध्या खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते. एक-दोन खजुरांनी कुणाचे बिघडत नाही, पुढे जे येते त्याने बिघडते. दुधात रूह अफजा, त्यावर वेगळी साखर, मग फळांच्या चाटवर पुन्हा साखर, समोसे, कांदाभजी, तळलेले रोल, मगरिबनंतर बिर्याणी, तरावीहनंतर फिरनी, मालपुवा. मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात रात्री बारानंतर पाहावे, दिवसभर वाचवलेले सगळे माणूस दोन तासांत वसूल करतो. तळलेल्या मैद्याची आणि सरबताची साखर एकदमच रक्तात येते आणि तरावीहला उभे राहताना ती ३०० पार केलेली असते. रमजानमध्ये साखर वाढून दाखल होणाऱ्यांचे कोडे इथे सुटते.

सुन्नतीचा क्रम मधुमेहींना फार सोयीचा आहे. इफ्तार लवकर, सहरी शेवटच्या वेळेपर्यंत उशिरा. खजूर-पाणी घ्या, नमाज पढा, मग बसून एकदाच नीट जेवा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मासे किंवा चिकनचा सालन, काकडी, दही. हलीम आणि खिचडा यांना उगाच बदनाम करतात. गहू, डाळी आणि मांस यांचे ते शिजलेले मिश्रण आहे. वरचे तूप आणि वाडग्याचा आकार सांभाळला तर समोशापेक्षा कितीतरी बरे. मराठवाड्यातल्या नान-खलियाचे तसे म्हणता येणार नाही. खलिया ठीक, पण मैद्याचा नान एकावर थांबत नाही. सरबताऐवजी सब्जाचे साधे पाणी, ताक, लिंबूपाणी. फळ अख्खे खावे, रस काढू नये.

सहरीला चहा-पाव किंवा दूध-शेवयांवर भागवणारे सकाळी दहालाच भुकेले होतात. भाकरी, उसळ, अंडे, दही हे पोटात टिकते. सहरी बुडवून मधुमेही माणसाने रोजा ठेवूच नये, टेलर मास्तरांची गोष्ट त्यासाठीच सांगितली. इफ्तार ते सहरी या वेळात दोन-अडीच लिटर पाणी थोडेथोडे करून जायला हवे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

तरावीह हा चांगला व्यायाम आहे. वीस रकात म्हणजे उठबस बरीच होते. त्यामुळे महिनाभर वेगळे चालायला गेले नाही तरी चालते. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी आणि जवळ पाण्याची बाटली ठेवावी. असरनंतर मात्र भरभर चालणे, क्रिकेट, जिम टाळावे. वजुखान्यात अनवाणी ओल्या फरशीवर पाय घसरतात, कापतात, आणि ज्यांच्या पायांना बधिरपणा आला आहे त्यांना ते कळतही नाही. रात्री झोपण्यापूर्वी तळवे पाहून घ्यावेत.

घरातल्या बायकांबद्दल थोडे. सहरीला सर्वांत आधी त्या उठतात आणि सर्वांत शेवटी, उरलेल्या पाच मिनिटांत, उभ्याउभ्या खातात. इफ्तारच्या वेळी त्या कढईपुढे असतात. अम्मीची साखर किती, हे अब्बांच्या आकड्याइतके घरात कुणालाच पाठ नसते. मशीन घरात आहे तर ते दोघांसाठी असू द्या. आणि पाचऐवजी दोन पदार्थ करायला सांगणे हे तिच्या प्रकृतीसाठीही आहे आणि खाणाऱ्यांच्याही.

ज्यांना अजून झालेला नाही त्यांच्यासाठी

आपल्याकडे मधुमेह लठ्ठ माणसालाच होतो, हा समज चुकीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही भारतीय शरीराची ठेवण आहे. पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात त्यांना दिसले की नवजात बाळांचे वजन पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूपच कमी, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे सुरुवात आईच्या पोटातूनच होते. म्हणून भारतीयांसाठी कंबरेचे माप कडक ठेवले आहे. पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८०. शिंप्याची पट्टी घेऊन आज मोजून पाहा.

उपाशी पोटीची साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आली तर ती पूर्वावस्था. १२६ आणि ६.५ पासून मधुमेह. पूर्वावस्थेतून परत फिरता येते. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, एवढ्याने मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. भारतात झालेल्या २००६ सालच्या तशाच अभ्यासात तो सुमारे २८ टक्क्यांनी घटला. गोळी न घेता हे मिळते.

याच गटातल्या माणसांसाठी रमजान ही खरोखर संधी आहे. दिवसातले सात-आठ चहा एकदम बंद होतात. तंबाखू, गुटखा, बिडी तेरा तास तोंडात जात नाही. तेरा तास सोडता येते ते चोवीस तासही सुटू शकते. मात्र वजन काटा पहिल्या रोज्याला आणि ईदला असा दोनदा पाहावा. काहींचे वाढलेले निघते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात मोफत तपासली जाते. इफ्तार पार्ट्यांवर जेवढा खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात एखादी जमात मशिदीच्या आवारात जुम्याला तपासणी शिबिर घेऊ शकते आणि शाबानच्या एका खुतब्यात आजाऱ्यांच्या सवलतीचा विषय येऊ शकतो. काही ठिकाणी हे सुरूही आहे.

राहिली ईद. शीरखुर्मा नाकारणे कुणाला जमत नाही आणि दहा घरी गेले की दहा वाट्या होतात. स्वतःच्या घरची एक लहान वाटी, तीही सुक्या मेव्याची जास्त आणि साखरेची कमी. बाकी घरी चव घेऊन गळाभेट. त्या दिवसापासून औषधे पुन्हा जुन्या वेळेवर आणि जुन्या प्रमाणात आणायची असतात, ही गोष्ट अनेकजण विसरतात. इफ्तारचा मोठा डोस तसाच रात्री चालू राहतो आणि पहाटे साखर घसरते. शाबानला गेलात तसेच ईदनंतरच्या आठवड्यातही डॉक्टरांकडे जा आणि महिनाभराचे आकडे लिहिलेली वही सोबत न्या. शव्वालचे सहा रोजे नफील आहेत. ते ठेवायचे असतील तर औषधांचे रमजानचेच वेळापत्रक त्या सहा दिवसांना लागू होईल का, तेही तेव्हाच विचारून घ्या.